लॅटिन झेपेल हो, डचचं काय ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला येऊन चार वर्षं झाली, मुलगी ग्रुप आठमध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे आणि शाळेने व्हीडब्ल्यूओचा, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या सहा वर्षांच्या माध्यमिक शाखेचा सल्ला दिलाय. ओपन डे बघून आल्यापासून ती ‘मला जिम्नॅशियमच हवं, तिथे लॅटिन आहे’ म्हणून हटून बसलीय. तिच्या बाबांचं म्हणणं, मेलेल्या भाषेत सहा वर्षं घालवण्यापेक्षा अथेनिअम (तीच शाखा, पण लॅटिनविना) घ्यावं आणि तो वेळ गणिताला, प्रोग्रॅमिंगला द्यावा. तुमची काळजी निराळी आहे. घरी मराठी, शाळेत डच, मैत्रिणींशी अर्धं इंग्रजी, पुढे फ्रेंच आणि जर्मन, त्यात हे लॅटिन. पोरीला झेपेल का? आणि दोन-तीन वर्षांत भारतात परतावं लागलं तर?

मी पुण्यात संस्कृत शिकले, लग्नानंतर इकडे आले, पुन्हा विद्यापीठात जाऊन लॅटिन-ग्रीक केलं आणि गेली चौदा वर्षं एका डच शाळेत लॅटिन शिकवते. मराठी, तमिळ, तुर्की, मोरोक्कन घरांतली बरीच मुलं माझ्या वर्गातून गेली. त्यांच्याकडे बघून सांगते की ‘लॅटिनचा उपयोग काय’ आणि ‘लॅटिन अवघड आहे का’ हे तुमच्या बाबतीत कळीचे प्रश्न नाहीतच. कळीचा प्रश्न आहे तिच्या डचचा. तो कसा, ते जरा लांबण लावून सांगते, कारण ओपन डेला हे कुणी बोलत नाही.

आधी बाबांच्या शंकेचा निकाल लावू. अथेनिअम काय, जिम्नॅशियम काय, शेवटी हातात पडतो तो व्हीडब्ल्यूओचाच डिप्लोमा. वैद्यकीय, कायदा, इंजिनिअरिंग, कुठेही प्रवेशाला लॅटिनची अट नाही. डॉक्टर व्हायला लॅटिन लागतं ही समजूत पन्नास वर्षं जुनी आहे. लॅटिनमुळे मेंदूला धार येते असंही सांगतात. माझे काही सहकारीही सांगतात. मला ते पटत नाही. लुडविग हाग आणि एल्सबेत श्टेर्न यांनी २००३ मध्ये जर्मन विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे स्पॅनिश शिकताना आधी फ्रेंच शिकलेली मुलं आधी लॅटिन शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली होती. म्हणजे स्पॅनिशच शिकायची असेल तर लॅटिनचा वळसा घेण्यात अर्थ नाही. आणि गणित? माझ्या वर्गातली निम्मी मुलं पुढे निसर्गविज्ञान आणि तंत्रज्ञानाचा प्रोफाइल, म्हणजे विषयांचा गट, घेतात. लॅटिनमुळे त्यांचं गणित बुडालेलं मी पाहिलं नाही, तसं सुधारलेलंही पाहिलं नाही.

मग लॅटिन घ्यायचं कशासाठी? तर ते आवडतं म्हणून. बारा वर्षांची मुलगी स्वतःहून ‘मला हे शिकायचंय’ म्हणते, हे कारण माझ्या लेखी प्रोग्रॅमिंगइतकंच वजनदार आहे.

एक हिशेबी फायदाही आहे, तो बाबांना सांगा. अथेनिअमला शेवटपर्यंत इंग्रजीखेरीज आणखी एक आधुनिक परकी भाषा घ्यावी लागते. जिम्नॅशियमला तिची जागा लॅटिन किंवा ग्रीक घेते. पहिली दोन-तीन वर्षं सगळंच असतं. पण चौथीपासून (म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षापासून) फ्रेंच आणि जर्मन दोन्ही सोडून एकच अभिजात भाषा ठेवता येते. त्यामुळे तुम्हाला वाटतो तेवढा भाषांचा ढीग सहा वर्षं डोक्यावर राहत नाही.

आता मूळ मुद्दा. लॅटिनच्या तासाला वर्गातली सगळी मुलं शून्यापासून सुरुवात करतात. डच, इंग्रजी, इतिहास, सगळीकडे डच घरातलं मूल तुमच्या मुलीच्या चार पावलं पुढे असतं. इथे नाही. इथे कुणाची आजी ही भाषा बोलत नाही, कुणी सुट्टीत त्या देशात जाऊन आलेलं नसतं. पहिल्या सहा महिन्यांत परदेशी घरांतली मुलं लॅटिनमध्ये चमकतात ती त्यामुळे.

मराठी मुलांना त्यातही थोडं झुकतं माप मिळतं. ‘कुत्रा मुलाला चावतो’ म्हणा की ‘मुलाला कुत्रा चावतो’ म्हणा, चावणारा कुत्राच, कारण ‘ला’ कुणाला चिकटलाय ते आपल्या कानाला लगेच कळतं. लॅटिनमध्येही ‘कानिस पुएरुम मोर्देत’ आणि ‘पुएरुम कानिस मोर्देत’ यांचा अर्थ एकच. ‘पुएरुम’मधला शेवटचा ‘उम’ म्हणजे आपला ‘ला’. डच मुलाला हे पचायला दोन महिने लागतात. त्याच्या भाषेत शब्दांची जागा बदलली की मुलगाच कुत्र्याला चावायला लागतो. विभक्ती म्हणजे काय, हे मराठी मुलाला नव्याने समजावावं लागत नाही, फक्त नावं नवी द्यावी लागतात. प्रथमा म्हणजे नॉमिनाटिव्हुस, द्वितीया अक्कुसाटिव्हुस, चतुर्थी दाटिव्हुस, षष्ठी गेनिटिव्हुस. आपली तृतीया आणि पंचमी, आणि बरीचशी सप्तमीही, रोमनांनी एकाच पोत्यात कोंबली आणि त्याला अब्लाटिव्हुस म्हटलं. अब्लाटिव्हुसने रडवलं नाही असं मूल मी अजून पाहिलेलं नाही. पण ज्याला ‘चाकूने’, ‘घरातून’ आणि ‘गावात’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुळात ठाऊक आहे, ते जरा कमी रडतं.

शब्दांचं नातं तर आहेच. पातेर-पितृ, मातेर-मातृ, फ्रातेर-भ्रातृ, देन्स-दन्त, इग्निस-अग्नि, नोमेन-नाम, विदुआ-विधवा, एस्त-अस्ति, सुन्त-सन्ति. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने १७८६ साली या सारखेपणावर बोट ठेवलं आणि तिथून तौलनिक भाषाशास्त्राची गाडी सुरू झाली. वर्गात मी ही यादी फळ्यावर लिहिते तेव्हा भारतीय मुलं ताठ बसतात. सप्टेंबर म्हणजे सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा. रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं त्याची ही खूण. हे मराठी मुलाला सप्त-अष्ट-नव-दश आठवून चटकन जुळवता येतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मग घ्यावंच. थांबा.

लॅटिनची परीक्षा लॅटिनमध्ये नसते. लॅटिन बोलायचं नसतं, त्यात निबंध लिहायचा नसतो. सहा वर्षं मुख्यतः एकच काम असतं, लॅटिन वाक्य घ्यायचं आणि त्याचं नीट डचमध्ये भाषांतर करायचं. गुण मिळतात ते डच वाक्याला. माझ्याकडची परदेशी घरांतली मुलं अडखळतात ती तिसरीच्या आसपास, आणि बहुतेक वेळा लॅटिनवर नव्हे, डचवर.

एक उदाहरण देते. ‘कैसारे मोर्तुओ’. दोनच शब्द, दोन्ही अब्लाटिव्हुसमध्ये. संस्कृत शिकलेल्याला ही सति सप्तमी आहे हे झोपेतही कळेल. ‘रामे वनं गते’ तसं ‘सीझरे मृते’. मराठीतही आपण ‘सूर्य मावळला असता’ म्हणतो. माझ्या एका मराठी विद्यार्थ्याला हे वर्गात सगळ्यांच्या आधी कळलं. त्याने वहीत लिहिलं काय? शब्दाला शब्द ठेवून ‘सीझर मेलेला’. डचमध्ये एवढ्यावर भागत नाही. तिथे अख्खं उपवाक्य उभं करावं लागतं आणि त्याआधी ठरवावं लागतं की इथे ‘तून’ म्हणजे तेव्हा, की ‘नादात’ म्हणजे नंतर, की ‘ओमदात’ म्हणजे कारण, की ‘हूवेल’ म्हणजे तरीही. मागचंपुढचं वाचून यातला एक निवडायचा आणि मग क्रियापद उपवाक्याच्या शेवटी न्यायचं. (हे शेवटी नेणं आपल्याला अंगवळणी असतं, तेवढं बरं.) पोराला अर्थ कळला होता, पण तो मांडायला लागणारं डच त्याच्या हाताशी नव्हतं. शेजारच्या मुलीला अर्थ त्याच्यामुळे कळला आणि गुण मात्र तिला जास्त पडले. तो चिडला होता, मलाही वाईट वाटलं. पण तपासणीत दुसरं काही करता येत नव्हतं.

दुसरी छोटी वाटणारी पण सतत टोचणारी गोष्ट म्हणजे ‘दे’, ‘हेट’ आणि ‘एन’. लॅटिनमध्ये उपपदं नाहीत, मराठीतही नाहीत. ‘रेक्स’ म्हणजे राजा, बस. डचमध्ये लिहिताना मात्र तो राजा की एक राजा, हे प्रत्येक नामापाशी ठरवावं लागतं. डच मूल हे विचार न करता लिहितं. आपलं मूल दर ओळीत दोनदा अडतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी एकच चाचणी सुचवते. तिच्या वयाच्या मुलांसाठीचं एखादं डच गोष्टीचं पुस्तक घ्या, तिला न वाचलेलं. एक पान वाचायला द्या, पुस्तक मिटवा आणि तीच गोष्ट डचमध्ये दहा ओळींत लिहून काढायला सांगा. ती तुम्ही तपासू नका, तिच्या शिक्षिकेला दाखवा. स्पेलिंगच्या चुका सोडून द्या म्हणावं, वाक्यं एकमेकांना कशी जोडलीत ते बघा. ‘आणि मग, आणि मग’ अशी साखळी असेल तर लॅटिन घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण पहिली दोन वर्षं लॅटिनच्या शिकवणीवर पैसे घालू नका, डच वाचनावर वेळ घाला. ‘जरी’, ‘कारण’, ‘त्याआधी’ असे जोड ती आपसूक वापरत असेल, तर निर्धास्त राहा. चार वर्षांत इथे येऊन व्हीडब्ल्यूओचा सल्ला मिळवलेली मुलगी बहुधा या दुसऱ्या गटातली असेल. पण मी तिला पाहिलेलं नाही, तेव्हा हे तुम्हीच पडताळा.

शाळा कुठली, यावरही बरंच अवलंबून आहे. काही शाळा निव्वळ जिम्नॅशियम असतात. तिथे लॅटिन पहिलीपासून, ग्रीक साधारण दुसरीपासून, आणि दोन्ही सोडायचं ठरलं तर शाळाच बदलावी लागते. दुसऱ्या प्रकारच्या शाळेत एकाच छपराखाली अथेनिअमही असतं. तिथे नाही जमलं तर मूल त्याच इमारतीत, त्याच मैत्रिणींबरोबर राहून नुसता वर्ग बदलतं. तुमच्यासारख्या, डचबद्दल थोडी धाकधूक असलेल्या घरांना मी दुसरी शाळा सुचवते. निव्वळ जिम्नॅशियमचा रुबाब वेगळा असतो, मान्य. (पुण्याच्या नातेवाइकांना मात्र दोन्हीकडे एकच वाटतं. माझ्या मावशीला अजून वाटतं की मी व्यायामशाळेत शिकवते.) तिसरीच्या शेवटी प्रोफाइल निवडताना लॅटिन आणि ग्रीकपैकी निदान एक ठेवलं तरच डिप्लोमावर जिम्नॅशियम लागतं.

शेवटच्या वर्षाची कल्पना असावी म्हणून सांगते. दरवर्षी देशभर एक लेखक नेमलेला असतो, कधी गद्य, कधी काव्य. त्याचे उतारे वर्षभर वर्गात वाचतात. मे महिन्यातल्या केंद्रीय परीक्षेत त्यांवर प्रश्न असतात आणि त्याच लेखकाचा एक न वाचलेला उतारा भाषांतराला येतो. लॅटिन-डच शब्दकोश सोबत नेता येतो. पालकांना वाटतं, मग काय सोपंच. पण वेळ तीनच तास असतो आणि प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडणाऱ्याचं घड्याळ आधी संपतं. शब्द पाठच हवेत. रोज पंधरा मिनिटं, जेवणाआधी, बास. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही. इथे आईवडिलांनी मुलांचे शब्द विचारून घ्यायची पद्धत आहे, त्यासाठी तुम्हाला लॅटिन यायची गरज नाही; पुस्तकात दोन रकाने असतात, एक झाकायचा. आणि फोनवरून तयार भाषांतर उतरवायची सवय पहिल्या वर्षीच मोडा. घरचा अभ्यास छान दिसतो आणि परीक्षेत वाक्य समोर आलं की हातपाय गळतात. गेल्या दोन-तीन वर्षांत हे फार वाढलंय.

आतापर्यंत मी निव्वळ भाषेबद्दल बोलले. विषयाचं इथलं पूर्ण नाव ‘लॅटिन भाषा आणि संस्कृती’ असं आहे आणि तो दुसरा अर्धा भाग तुमच्या मुलीला जास्त आवडेल अशी माझी अटकळ आहे. रोमन घरात लारारियुम असायचं, म्हणजे देव्हारा. त्यात लारेस आणि पेनातेस, घराचे आणि कोठाराचे देव. डच मुलांना मी हे चित्रं दाखवून समजावते. मराठी मूल म्हणतं, ‘आमच्याकडे फ्रिजशेजारी आहे.’ रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात ट्रॉय जळत असताना एनिआस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघतो आणि घरचे देव बापाच्या हातात देतो. हा प्रसंग शिकवताना एका मुलीने वर्गाला श्रावणबाळाची गोष्ट सांगितली होती. ओव्हिड या दुसऱ्या रोमन कवीच्या गोष्टीत फिलेमोन आणि बाउकिस या जोडप्याकडे देव वेष पालटून येतात, तेही आपल्याला ओळखीचं. अर्थात गुलामगिरीही त्याच पुस्तकात येते, आणि हल्ली ती पूर्वीसारखी गालिच्याखाली सारत नाहीत, हे चांगलं आहे.

आणि एक गोष्ट मी दरवर्षी सांगते, वर्गात भारतीय मूल असो वा नसो. प्लिनी नावाचा रोमन लेखक आपल्या विश्वकोशात कुरकुरतो की भारत दरवर्षी साम्राज्याचे निदान ५ कोटी सेस्टर्टियस (रोमन नाणी) ओढून घेतो. मिरी, कापड, रत्नं, हे सगळं भारतातून जायचं. हा प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. त्याच उद्रेकात पॉम्पेई गाडलं गेलं, आणि १९३८ साली त्या राखेखालून हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली, आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचं नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती कुठे मिळाली? धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे प्राचीन तगरला. उलट दिशेने आलेली वस्तू कोल्हापूरला आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती. शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक मोठा प्रकल्प करावा लागतो, त्याला साधारण ८० तास धरलेले असतात. तेर आणि पॉम्पेई हा विषय कुणी घेतलेला मला अजून मिळालेला नाही. तुमच्या मुलीसाठी राखून ठेवते.

निर्णयाआधी एक शनिवार मोकळा काढा. आइंडहोव्हनहून हेर्लेन फार लांब नाही; तिथे रोमन स्नानगृहाचे अवशेष आहेत. नाइमेखेनही तासाभरावर आहे. ऱ्हाइनकाठी रोमन साम्राज्याची सरहद्द होती आणि २०२१ मध्ये तो पट्टा जागतिक वारसा यादीत गेला. एखादा दगड बघून ‘यावर काय लिहिलंय?’ असं तिने स्वतःहून विचारलं, तर तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल. ‘आईस्क्रीम कधी?’ असं विचारलं तरी फार निराश होऊ नका, मीही बाराव्या वर्षी तेच विचारलं असतं. अर्ज मार्चच्या शेवटी भरायचे असतात, तोवर वेळ आहे.

राहिला भारतात परतण्याचा मुद्दा. खरं सांगते, दोन वर्षांत परतणं जवळजवळ नक्की असेल तर लॅटिन काय आणि डच शाळा काय, दोन्हीचा नव्याने विचार करा. तिथल्या बोर्डाला या गुणांचं काही देणंघेणं नाही. पण ‘कदाचित’ एवढंच असेल तर त्या कदाचितसाठी तिची आजची हौस मारू नका. दोन वर्षं लॅटिन करून परत गेलेला माझा एक विद्यार्थी नाशिकला दहावीला संस्कृत घेऊन बसला. विभक्ती कळायला त्याला आठवडासुद्धा लागला नाही, असं त्याच्या आईने कळवलं होतं.

आणि तुम्ही लिहिलंय की आजोबा संस्कृतचे शिक्षक होते. मग त्यांना आत्ताच कामाला लावा. व्हिडिओ कॉलवर रोज पाच मिनिटं ‘देवः, देवौ, देवाः’ म्हणून घेऊ देत. शाळेत ‘सेर्वुस, सेर्वी, सेर्वो’ सुरू होईल तेव्हा चाल तिच्या कानात बसलेली असेल. मधलं द्विवचन गाळलं तरी चालेल म्हणावं, रोमनांनी ते आधीच टाकून दिलं होतं. आजोबा ऐकायचे नाहीत, पण सांगून बघा.